पासरणी घाटावरचा पियानो

सुरतेहून मुंबईकडे निघालेल्या गाडीत खिडकीशी बसलं की पारशी आडनावं एकामागून एक समोरून सरकतात. सुरत सुटताना सुरती. नवसारी आली की नवसारीवाला. बिलिमोऱ्याला बिलिमोरिया, उदवाड्याला उदवाडिया, संजाणला संजाणा. बिलिमोरा मागे पडून उदवाडा यायच्या आधी, सुरतेपासून साधारण ७० किलोमीटरवर, वलसाड लागतं. इंग्रजी अमदानीत या गावाला बुलसार म्हणत आणि इथून बाहेर पडलेल्या घराण्यांनी आडनाव लावलं बुलसारा.

मी सुरतेतला मराठी माणूस. माझे वडील धुळ्याकडून इथे लूमवर कामाला आले, आम्ही उधन्यात वाढलो. मामाकडे मुंबईला जाताना वलसाड स्टेशनवरून मी किती वेळा गेलो असेन, त्याची गणती नाही. हे गाव आपल्या आडनावात घेऊन जगभर गेलेला एक गायक आहे हे मला कळलं तेव्हा मी पंचविशी ओलांडली होती. त्याने लंडनमध्ये आडनाव बदललं होतं, म्हणून कळायला इतका वेळ लागला. फ्रेडी मर्क्युरी. मूळ नाव फारोख बुलसारा.

त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी पूर्व आफ्रिकेतल्या झांजिबार बेटावर झाला. त्या वेळी बुलसार हे मुंबई इलाख्याच्या सुरत जिल्ह्यातलं गाव होतं. वलसाड जिल्हा वेगळा झाला तो १९६४ साली. म्हणजे त्या दिवशीच्या सरकारी दप्तराप्रमाणे बोलायचं, तर हे घराणं मूळचं सुरत जिल्ह्याचं. वडील बोमी बुलसारा झांजिबारच्या उच्च न्यायालयात इंग्रज सरकारचे कॅशिअर होते, आईचं नाव जेर. दक्षिण गुजरातेतल्या कितीतरी घरांचा एक पाय तेव्हा आफ्रिकेत असे. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात आजही जुन्या घरांच्या भिंतीवर झांजिबार-मोंबासाचे फोटो दिसतात.

पण मला लिहायचं आहे ते झांजिबारबद्दल नाही आणि लंडनबद्दलही नाही. त्याच्या आयुष्यावर जे लिहिलं जातं त्यात ही दोन गावं ठळक असतात आणि मधला तुकडा दोन-तीन परिच्छेदांत उरकला जातो. तो तुकडा साताऱ्याच्या डोंगरावरचा आहे. वयाच्या आठव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत हा मुलगा पाचगणीत होता. मुलाचा कान घडतो तो याच वयात. संगीत शिकणाऱ्या कोणत्याही घरात विचारा, हेच सांगतील.

१९५४ साली आठ वर्षांचा फारोख बोटीने मुंबईला आला. त्याच वर्षी वलसाडच्या दक्षिणेला, वापीजवळ, दुसरी एक घटना घडत होती. दादरा नगर हवेली पोर्तुगीजांकडून सोडवायला गेलेल्या तुकडीत आपले सुधीर फडके होते. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. गीतरामायण अजून व्हायचं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एकाच वर्षी एक मराठी संगीतकार सुरत जिल्ह्याच्या सीमेवर जिवावर उदार होऊन उभा होता आणि त्याच जिल्ह्यातल्या घराण्याचा एक मुलगा मराठी मुलुखातल्या डोंगरावर दप्तर घेऊन चालला होता. सुरत, बुलसार, मुंबई, पुणे, पाचगणी, हे सगळं तेव्हा एकाच मुंबई राज्यात होतं.

पुण्याहून वाई आणि वाईतून पासरणीचा घाट. खाली कृष्णेचं खोरं, वर सपाट माथ्याचे डोंगर. उन्हाळ्यात वाई तापलेली असते आणि घाट चढून गेलं की वाऱ्याचा पोत बदलतो. पाचगणी समुद्रसपाटीपासून १२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. जॉन चेसन या इंग्रजाने १८६०च्या दशकात हे ठाणं वसवलं. सिल्व्हर ओकसारखी परमुलुखातली झाडं आज पाचगणीची वाटतात, ती त्या वेळच्या लागवडीतून आलेली. महाबळेश्वरला पाऊस इतका, की चार महिने गोरे लोक तिथे राहू शकत नसत. पाचगणीत पाऊस त्या मानाने कमी, हवा कोरडी. म्हणून महाबळेश्वर उन्हाळी मुक्कामाचं झालं आणि पाचगणी बारमाही वस्तीचं. बारमाही वस्ती म्हटल्यावर शाळा आल्या आणि दवाखाने आले.

दवाखाना म्हणजे क्षयाचं आरोग्यधाम. औषधं निघायच्या आधी या रोगावर चांगली हवा हाच इलाज होता. पाचगणीत हे काम उभं केलं डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी. आडनाव बघा, पुन्हा आमच्याच रेल्वेमार्गावरचं स्टेशन. गावातल्या कड्याला पारसी पॉइंट म्हणतात, एका शाळेच्या नावात बिलिमोरिया आहे. पाचगणी साताऱ्याची, वाईची, इंग्रजांची, तितकीच ती दक्षिण गुजरातेतून आलेल्या पारशांचीही आहे. पॉइंटवर उभं राहून फोटो काढताना हे आपल्या लक्षात येत नाही.

सेंट पीटर्स ही मुलांची शाळा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली, ती युरोपियन मुलांसाठी. पुढे तिचे दरवाजे इतरांना उघडले. प्रार्थना, घंटा, खेळाची मैदानं, सगळं विलायती वळणाचं. झांजिबारमधल्या पारशी कारकुनाने एवढी मोठी फी भरून मुलगा इथे का पाठवला असेल, याचं उत्तर सोपं आहे. इंग्रजी नोकरीवर वाढलेल्या घराला इंग्रजी शाळा हीच पुढची पायरी दिसत होती, आणि मुंबईत नातेवाईक होते. सुट्टीत मुलगा त्यांच्याकडे जाऊ शकत होता. झांजिबार मात्र समुद्रापार होतं. बहीण कश्मिरा १९५२ सालची. तो निघाला तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि तो कायमचा परतला तेव्हा अकरावं गाठत होती.

या ठिकाणी मी बराच थांबलो. आठ वर्षांचं मूल समुद्र ओलांडून बोर्डिंगमध्ये ठेवणं आपल्याला आज कठोर वाटतं. ‘तारे जमीन पर’ पाहताना आपण सगळे रडलो. त्यातल्या शाळेचं चित्रीकरण पाचगणीतच, न्यू एरा शाळेत झालं आहे. पण त्या सिनेमातल्या मुलाला आई-वडील गाडीतून भेटायला येऊ शकत होते. मोठेपणी दिलेल्या मुलाखतींत फ्रेडी या काळाबद्दल फार थोडं बोलला. बोर्डिंगने मला स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवलं, कुणावर अवलंबून राहायचं नाही हे शिकवलं, अशा अर्थाचं तो सांगे आणि विषय तिथेच संपवी. मला या उत्तरात तक्रार दिसत नाही, पण एक कडी लावून घेतलेली दिसते.

शाळेत त्याला ‘बकी’ म्हणत, पुढे आलेल्या दातांवरून. तोंडात चार दात जास्तीचे होते, म्हणून पुढचे दात पुढे ढकलले गेलेले. पैसा आल्यावरही त्याने ते काढले नाहीत; दात काढले तर आवाज बदलेल अशी त्याला धास्ती होती. फारोखचं फ्रेडी झालं ते याच शाळेत. हा बदल लंडनचा असा अनेकांचा समज आहे. लंडनमध्ये फक्त आडनाव गेलं. नाव आधीच पाचगणीत बदललं होतं.

अंगाने किरकोळ, पण खेळांत मागे नव्हता. टेबल टेनिसमध्ये शाळेत पहिला, मुष्टियुद्धात, हॉकीत, धावण्यात तयार. क्रिकेट आणि लांब पल्ल्याची दौड मात्र नावडती. १९५८ साली लहान गटातला सर्वांगीण विद्यार्थी म्हणून त्याला करंडक मिळाला. चित्रकला चांगली होती. पुढे लंडनमध्ये त्याने ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली आणि क्वीन या आपल्या बँडचं बोधचिन्ह स्वतः काढलं.

आणि पियानो. पियानोशी ओळख मुंबईतल्या नातेवाइकांकडे झालेली होती. पारशी घरांत पियानो ही नवलाई नव्हती. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तो अशाच घरांच्या जोरावर. पाचगणीला मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं की या मुलाचा हात वेगळा आहे. त्यांनी झांजिबारला पत्र टाकलं: थोडी जास्तीची फी भरलीत तर संगीत नीट शिकवता येईल. बोमी बुलसारांनी ती भरली. परीक्षांच्या चौथ्या श्रेणीपर्यंत, वादन आणि शास्त्र दोन्हीत, तो पोचला. तेवढंच त्याचं औपचारिक संगीतशिक्षण. चौथी श्रेणी म्हणजे फार नव्हे. पुढे ज्याने १९७५ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ रचली त्याची सगळी परीक्षापत्रकं पाचगणीच्या वर्गातली आहेत, हे मला फार मोठं वाटतं. ज्या मुख्याध्यापकाने ते पत्र लिहिलं त्याचं या गाण्यांवर ऋण आहे. गणितात कच्चा आहे असं पत्र घरी पाठवणारे शिक्षक पुष्कळ असतात.

डोंगरावर पियानो जिवंत ठेवणं ही साधी गोष्ट नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, आतलं फेल्ट ओलं होतं, तारांना गंज चढतो. मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्याच्या दिवसांत पियानोच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवायची पद्धत आहे, उबेने दमटपणा जावा म्हणून. पाचगणीच्या त्या पियानोला सुरात ठेवणारा कोणी ना कोणी वर येत असणार. त्याचं नाव कुठल्याच चरित्रात मला सापडलं नाही.

शाळेतले मित्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. रेडिओवर एखादं गाणं एकदा लागलं, की हा मुलगा पियानोशी बसून ते जसंच्या तसं वाजवी. हा रेडिओ कोणता, तेही समजून घेण्यासारखं आहे. १९५२ पासून नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होतं. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केलं. परिणाम उलटा झाला: सगळ्या देशाचे कान रेडिओ सिलोनकडे वळले. बिनाका गीतमाला आपल्याला आठवते; त्याच सिलोनवर इंग्रजी गाण्यांची बिनाका हिट परेडही होती. डोंगरावरच्या इंग्रजी शाळेतल्या मुलांना विलायती पॉप ऐकायचं तर सिलोनशिवाय दुसरी वाट फारशी नव्हती. पुण्याच्या एका मंत्र्याने दार लावलं आणि पाचगणीतल्या मुलांसाठी खिडकी उघडी राहिली, ती कोलंबोची.

१९५८ साली पाच मुलांनी बँड काढला, ‘द हेक्टिक्स’. ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरंग इराणी, व्हिक्टरी राणा आणि फ्रेडी बुलसारा. एल्विस, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवायची. क्लिफ रिचर्डची पहिली तबकडी त्याच वर्षी आलेली, आणि हा क्लिफ मूळचा लखनौत जन्मलेला, आठ वर्षांचा होईपर्यंत हिंदुस्थानात वाढलेला! पाचगणीच्या मुलांना हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या मुली कार्यक्रमाला येत आणि एल्विसच्या सभेत किंचाळावं तशा किंचाळत, असं चरित्रांत येतं.

या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. समोर ब्रूस मरे उभा राही. फ्रेडी मागे पियानोवर असे आणि सुरात सूर मिसळी. जगाने ज्याला रंगमंचाच्या मधोमध पाहिलं, त्याने सुरुवात मागच्या रांगेत केली. मला वाटतं, याचा त्याला फार उपयोग झाला. मागे बसलेल्या माणसाला श्रोतेही दिसतात आणि गायकाची पाठही दिसते. लोक कुठे सैल पडतात, कुठे पुढे सरकतात, हे त्याला कळतं. हार्मोनियमची साथ करणाऱ्या आपल्याकडच्या कुणालाही विचारा.

आपल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतं की फ्रेडीच्या गळ्यावर लता मंगेशकरांचा संस्कार होता. ऐकायला छान वाटतं. पण त्याच्याच बँडमधल्या एका मित्राने सांगून ठेवलं आहे की तो फक्त पाश्चात्त्य पॉप ऐकायचा आणि तेच वाजवायचा. मी मित्राचं ऐकेन. त्याच्या गाण्यात राग शोधत बसण्याचा हट्ट मला पटत नाही. आपला संबंध वेगळा आणि पुरेसा खरा आहे: हा मुलगा इथे राहिला, इथल्या थंडीत कुडकुडला, इथल्या बाजारातली मराठी त्याच्या कानांवर पडत असणार, आणि इथेच त्याला आपण कोण होणार याचा पहिला अंदाज आला.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. वाडवडिलांचं बुलसार गुजरातेत गेलं आणि त्याची शाळा महाराष्ट्रात राहिली. आम्हा सुरतेतल्या मराठी माणसांच्या घरांतून ही रेघ आजही जाते: आजोळ एका राज्यात, पोट दुसऱ्या राज्यात. म्हणून असेल, मला त्याच्या शाळेच्या वहीवर बदललेलं राज्याचं नाव डोळ्यांसमोर येतं.

शेवटच्या वर्षांत त्याचं अभ्यासावरचं लक्ष उडालं, असं चरित्रकार सांगतात. फेब्रुवारी १९६३ मध्ये तो झांजिबारला आई-वडिलांकडे परतला. वर्षही नीट गेलं नाही. १२ जानेवारी १९६४ रोजी झांजिबारमध्ये क्रांती झाली, हजारो माणसं मारली गेली आणि बुलसारा कुटुंबाने इंग्लंड गाठलं, लंडनच्या कडेला फेल्टम इथे. १९७० साली क्वीन उभी राहिली, त्याच सुमारास आडनाव मर्क्युरी झालं, आणि पाचगणी मागे पडली. क्वीनला घेऊन तो कधी भारतात गायला आला नाही.

२०१८ साली त्याच्या आयुष्यावर सिनेमा आला. सुरतेच्या मल्टिप्लेक्समध्ये मी तो पाहिला. मुख्य नट रामी मलेकला ऑस्कर मिळालं, ते योग्यच. पण दोन तासांहून जास्त चाललेल्या त्या सिनेमात पाचगणीचा एकही डोंगर नाही, शाळेचा पियानो नाही, हेक्टिक्स नाही. आठ वर्षं म्हणजे त्याच्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. तो गाळून माणूस उभा करायचा म्हणजे अभंगाचं ध्रुपदच गाळण्यासारखं आहे.

त्या सिनेमाचा शेवट १३ जुलै १९८५च्या लाइव्ह एड या मैफलीवर होतो. वेम्बलीत सुमारे ७२ हजार माणसं आणि क्वीनला मिळालेली जेमतेम वीस-एकवीस मिनिटं. मध्येच तो वाद्यं थांबवतो, शब्द टाकून देतो आणि नुसत्या स्वरांचा एक तुकडा लोकांकडे फेकतो. लोक तो परत देतात. मग थोडा अवघड, मग आणखी अवघड. ज्याने गावच्या देवळात चांगल्या कीर्तनकाराला टाळ थांबवून नुसत्या आवाजावर मांडव हलवताना पाहिलं आहे, त्याला हे कौशल्य ओळखीचं वाटेल. एवढ्या गर्दीला एका माणसाने वर्गातल्या मुलांसारखं गायला लावलं. ते पाहताना मला दर वेळी शाळेचं सभागृह दिसतं, आणि मागच्या बाजूला पियानोवर बसलेला, लोकांकडे बघणारा मुलगा.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो लंडनमध्ये गेला. एड्सने. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हणून केला. वलसाडच्या अलीकडे-पलीकडे ज्या प्रार्थना शतकानुशतकं म्हटल्या जातात त्याच. पारशांचा इराणशाह अग्नी आज उदवाड्यात आहे. अठराव्या शतकात तो काही काळ सुरतेत होता, काही काळ वलसाडलाही. आयुष्यभर आपल्या मुळांबद्दल गप्प राहिलेल्या माणसाचा शेवटचा निरोप आई-वडिलांच्या धर्माप्रमाणे झाला. आई जेर २०१६ पर्यंत हयात होत्या. त्याच वर्षी फेल्टमच्या घरावर निळी पाटी लागली. तिच्यावर मर्क्युरी आहे आणि बुलसाराही आहे.

बँडमधल्या बाकीच्या मुलांची आयुष्यं कुठल्या कुठे गेली. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल झाले आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख होते. डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला, ‘माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट’मध्ये तो आहे. फ्रेडीने स्वतः जे सांगितलं नाही, ते आपल्याला थोडंफार कळतं ते अशा मित्रांमुळे.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता मी सुरतेहून पाचगणीला गेलो. टेबल लँडवर गवत वाळायला लागलं होतं, घोडेवाले गिऱ्हाइकं शोधत होते, दुकानांत मॅप्रोच्या बाटल्यांच्या रांगा. मॅप्रो इथे १९५९ साली सुरू झालं, हेक्टिक्सच्या दुसऱ्या वर्षी. सुरतेच्या पाटीची एक गाडी पारसी पॉइंटवर उभी होती. मागच्या सीटवर दोन मुलं कानांत इअरफोन घालून बसलेली. त्यांच्या आईशी मी गुजरातीत बोललो, बुलसारांच्या फारोखबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्ही वलसाडचेच, पण हे कधी कुणी सांगितलं नाही.

१९५४ ते १९६२ या वर्षांत जे पाचगणीत शिकले, मग शाळा कोणतीही असो, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांत मराठी मुलं होती, गुजराती होती, पारशी होती. तिथे स्वयंपाक करणारी, घंटा वाजवणारी, मैदान झाडणारी वाई-पासरणीची माणसं होती. त्यांची मुलं-नातवंडं आपल्यातच आहेत. तुमच्या घरात त्या काळचं कोणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याशेजारी बसा, विचारा, लिहून घ्या. संध्याकाळी रेडिओ कुठे लागायचा ते विचारा. पावसाळ्यानंतर पियानो सुरात लावायला कोण यायचं, तेही विचारा.